थांबलेला चिखल

नॉर्वेतल्या स्टाव्हांगरच्या पश्चिमेला, भर समुद्रातल्या त्या तेलविहिरीच्या रिगवर ड्रिलिंगची खुर्ची टोरग्रिमची होती. माणूस जुना, बोलणं कमी आणि टोमणे जास्त. बहुतेक टोमणे इंग्विल्डच्या वाट्याला यायचे. ती रिगची चिखलवाली. खडकात विहीर खोदताना पाइपातून चिखल खाली सोडायचा. तो तळाशी जाऊन कातळाचे तुकडे उचलायचा आणि पाइपाच्या बाहेरून वर यायचा. तो चिखल कसा असावा, हे इंग्विल्ड ठरवायची.

"आज काय वाढलंयस? सूप की लापशी?" त्या सकाळी टोरग्रिमने विचारलं. "दाब बघ कुठे गेलाय! माझे पंप धापा टाकताहेत."

"टाकू देत. लठ्ठ झालेत तुझ्यासारखे." ती हसली. "मुद्दाम घट्ट केलाय. विहीर आता तिरकी चाललीय. पंप थांबले आणि तुकडे खाली बसले, तर पाइप अडकेल."

"पंप कशाला थांबताहेत?"

जेवायच्या सुमाराला थांबले. वीजच गेली. वर्षानुवर्षं कानात बसलेली घरघर बंद पडली आणि पोलादी खांबांवर आपटणाऱ्या लाटा ऐकू यायला लागल्या. टोरग्रिमला जुनी गोष्ट आठवली. मागे एका विहिरीत असंच झालं होतं. तुकडे पाइपाभोवती असे दाटून बसले की ओढून ओढून सगळे थकले, आणि शेवटी पाइप कापून समुद्राखालीच सोडावा लागला.

खालून वीजवाल्याचा फोन आला. "पाइप फिरवण्यापुरती वीज देतो. पंपांना वेळ लागेल."

पाइप स्वस्थ ठेवायचा नाही, हे टोरग्रिमच्या अंगात मुरलेलं. त्याचा हात पाइप फिरवायच्या दांड्याकडे गेला, तोच इंग्विल्ड धावत जिना चढून आली. हातात कॉफीचा मग, त्यात चिखल आणि चमचा.

"फिरवू नकोस!"

"अगं, अडकेल ना!"

"फिरवलास तर अडकेल. हे बघ." तिने खिशातून कातळाचे चार तुकडे काढून चिखलात अर्धवट खोचले. ते तसेच राहिले. तिने तो कॉफीचा मग आडवा केला, तरी चिखल ढळला नाही. "स्वस्थ असला की हा घट्ट असतो. तुकड्याच्या वजनाने मोडत नाही. आता बघ." तिने मग सरळ धरून कडेकडेने चमचा फिरवला. खाली दाबला नाही, नुसता गोल फिरवला. तुकडे एकेक करून बुडाले. "आडवा हलला तरी तो पातळ होतो, मग खाली जायलाही वाट मोकळी. पंप चालू असता तर तुकडे वर वाहून गेले असते. आत्ता ढवळलंस तर सगळे खाली बसतील."

"आणि तू चुकत असलीस तर?"

"तर पाइप कापायला तुझ्या शेजारी उभी राहीन."

टोरग्रिमने मगाकडे पाहिलं, दांड्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिला.

स्वयंपाकघरातून तपकिरी चीज घातलेली वॉफल आली. टोरग्रिमने आपली ताटली बाजूला सारली. इंग्विल्ड मात्र खिडकीशी उभी राहून शांतपणे खात होती. काय काळीज आहे हिचं, असं त्याच्या मनात आलं. इतक्यात तिने कॉफी समजून वॉफल चिखलाच्या मगात बुडवलेली दिसली, आणि त्याला तिचं जास्तच कौतुक वाटलं.

अखेर पंपांना वीज आली.

"आधी पाइप हळू फिरव," ती म्हणाली, "आणि लगेच पंप, अगदी सावकाश. आळसावलाय तो चिखल. एकदम ढकललंस तर खडक फोडून पळेल."

पाइप कुरकुरला आणि फिरला. पंप सुरू झाला. दाबाचा काटा चढला, आणखी चढला, एका जागी थबकला. मग काटा हळूहळू उतरायला लागला. खोलवर पसरलेला तो सगळा चिखल जागचा हलला होता.

काही वेळाने खुर्ची जोडीदाराकडे देऊन टोरग्रिम वर आलेला चिखल गाळणाऱ्या चाळण्यांपाशी गेला. तिथे तो कित्येक वर्षांत फिरकला नव्हता. थरथरणाऱ्या जाळीवर तुकडे येत होते, सुटे सुटे, धारदार कडांचे, जणू आत्ताच फुटलेले. एवढा वेळ, एवढ्या काळोखात, त्या राखाडी लगद्याने एकेक तुकडा जिथल्या तिथे धरून ठेवला होता. त्याने एक उचलून तळहातावर घेतला.

"वाईट नाही," तो म्हणाला.

त्याच्या फ्योर्डवर, त्या चिंचोळ्या खाडीकाठी, याहून मोठी शाबासकी कुणी कुणाला देत नाही. इंग्विल्ड त्याच किनाऱ्यावरची. तिचे कान लाल झाले.

"हातमोजे घाल आधी," ती म्हणाली. "कातडी सोलून निघेल."

"निघू दे," टोरग्रिम म्हणाला, आणि तो तुकडा उजेडात धरून उलटसुलट करत राहिला.