सातव्या टाचणीवरची माशी

आमच्या सासऱ्यांचा आवाज असा, की त्यांनी नुसतं पाणी मागितलं तरी समोरच्याला जामीन शोधावासा वाटे. संग्रहालयाचा कीटकविभाग त्यांनी तीस वर्षं सांभाळला. आता ते निवृत्त, आणि त्याच विभागात मी. उद्या प्रदर्शन, आणि दर्शनी कपाटात त्यांची गांधीलमाश्यांची पेटी. आज सकाळी पेटीची काच पुसताना मला दिसलं, सातव्या टाचणीवरच्या बाईसाहेबांना पंख दोनच आहेत. गांधीलमाशीला चार असतात.

म्हणजे ही फुलांवर बसणारी गरीब माशी. नांगी नाही, काही नाही, नुसते पिवळेकाळे पट्टे. हे सोंग तिने ठरवून घेतलेलं नसतं. एखादी माशी जन्मतःच जरा पिवळसर निघते. गांधीलमाशीने एकदा डसलेला पक्षी या पिवळसर माशीच्या वाटेला जात नाही, तिच्या साध्या बहिणींना मात्र मटकावतो. वाचलेलीची पिल्लं पिवळी, त्यातली जास्त पिवळी ती पुन्हा वाचतात. अशा लाखो पिढ्या गेल्या, की नक्कल अस्सलाच्या तोंडात मारते.

हे मला शिकवलं सासऱ्यांनीच. "आधी पंख मोजा, गाढवांनो!" हे त्यांचं वाक्य विभागातल्या भिंतींनाही पाठ होतं.

चूक गुपचूप झाकायचीही सोय नाही. आमच्याकडे टाचणीवर कीटकाखाली टोचलेली नावाची जुनी चिठ्ठी काढत नाहीत. दुरुस्ती लिहून त्याच टाचणीवर खाली टोचतात. म्हणजे वर त्यांची चूक सहीसकट, आणि खाली दुरुस्ती करणाऱ्याचं नाव. सुनेचं! न सांगावं, तर उद्या इतर संग्रहालयांतली मंडळी भिंगं घेऊन येणार आणि चारचौघांत त्यांचं हसं होणार. माझा जीव टांगणीला लागला.

दुपारी ते पेटी बघायला आलेच.

"बाबा, सातवीचे पंख मोजता?"

"मला शिकवतेस?" काचा थरथरल्या.

मी भिंग पुढे केलं. त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि स्टुलावर बसले. डोळे भरून आले होते.

"जाळीत सापडली तेव्हा अशी गुणगुणली, की मीच उडी मारली," ते म्हणाले. "मेल्यावरसुद्धा जवळून बघायचा धीर झाला नाही गं."

मला त्यांची फार माया वाटली, आणि स्वतःचा संताप आला. अकरा वर्षं या माणसाला भिऊन मी घरातली दारं हळू लावत होते.

त्यांनी कोरी चिठ्ठी ओढली. माशीचं खरं नाव लिहिलं, आणि खाली माझं, पूर्ण.

"बघतेस काय? टोच!" ते गरजले.

"टोचते की, बाबा. ओरडता कशाला?"

"बरं," ते हळूच म्हणाले, आणि पेटी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.