केककाकांच्या खिशातला चमचा

मित्रांनो, आम्हा चमच्यांमध्ये मी अगदीच लिंबूटिंबू. पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यातून मला घडवले, म्हणून मी असा आखूड. दुकानात मला कोणी हात लावेना. शेवटी एका बेकरीवाल्या काकांनी उचलले. "चव बघायला हाच बरा. मोठा घेतला तर मीच सगळं क्रीम फस्त करीन!" असे म्हणून ते स्वतःच हसले.

मुले त्यांना केककाका म्हणत. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात माझा मुक्काम असे. क्रीम असो की चॉकलेट, पहिली चव माझ्यातूनच त्यांच्या जिभेवर जाई. "जमलं!" असे ते म्हणाले की चमचा असूनही मला मूठभर मांस चढे.

मग काकांच्या पोटात गाठ निघाली. ती काढताना डॉक्टरांना जठराचा मोठा भागही काढावा लागला. काका घरी आले, पण कोट स्वयंपाकघरातल्या खुंटीवर लटकला आणि खिशात मी. माझी आठवणही कोणाला राहिली नाही.

काकांच्या अंगात ताकद यावी म्हणून काकू ताट भरून वाढत. वर साखर घातलेले पेलाभर दूध. "संपवा हं सगळं!" थोड्याच वेळात काकांना दरदरून घाम फुटे, छाती धडधडे, पोट धरून ते संडासाकडे धावत. कधी ते निभावून जाई, पण तास-दोन तासांनी हातपाय लटपटत आणि डोळ्यांपुढे अंधारी येई. गाठ परत आली, असे दोघांनाही वाटले. पण एकमेकांना कोणी बोलून दाखवले नाही. काका नुसतेच म्हणत, "भूक नाही गं." ते वाळून काटकी झाले.

एकदा त्यांची लेक माहेरी आली. ताटाकडे बघून म्हणाली, "बाबा, भूक नाही की जेवायची भीती वाटते?"

काकांना रडूच फुटले.

तिने त्यांना तोच कोट चढवला आणि सगळे डॉक्टरांकडे गेले. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "काका, गाठबीठ काही नाही. जठर आधी अन्न थोडं थोडं पुढे सोडायचं. आता ते एकदम आतड्यात कोसळतं. आतडं भांबावून पाणी ओढून घेतं, हॉर्मोन्स भराभर सोडतं. त्यातली काही स्वादुपिंडाला सांगतात, 'साखर आली, इन्सुलिन सोड!' ते नको तितकं सोडतं, मग रक्तातली साखर घसरते. म्हणून ती लटपट. याला डम्पिंग म्हणतात."

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्याच हातानं मी… ते गोड दूध…"

"तुम्ही मायेनंच दिलंत, काकू. आता तीच माया थोडी थोडी वाढा. दिवसातून पाच-सहा वेळा. अंडं, डाळ, पनीर आधी. गोड नको. पाणी जेवताना नाही, नंतर. आणि अगदी सावकाश."

"सावकाश? मी जन्मभर उभ्या उभ्या गिळलंय!" काकांनी खिशात हात घातला आणि मी हाती लागलो. "ह्यानं जेवलो तर?"

"उत्तम!" डॉक्टर हसले.

आता बेकरी पुन्हा सुरू झाली आहे, पण चव बघायचे काम काकूंच्या मोठ्या चमच्याकडे गेले आहे. त्या क्रीम चाखतात आणि काका त्यांचा चेहरा वाचतात. मला मुळीच वाईट वाटत नाही. कधीमधी काकांना अजूनही घेरी येते, मग ते जरा आडवे होतात. पण गालांवर पुन्हा मांस धरले आहे.

सुरुवातीला मात्र सगळे उठून गेले की काका ओशाळत, भराभर खात आणि मग भोगत. हे काकूंच्या लक्षात आले. तेव्हापासून त्या शेवटचा घास आपल्या ताटात तसाच ठेवतात. काका म्हणतात, "ऊठ गं तू, मला वेळ लागेल."

"माझं कुठं झालंय अजून?"

तो घास केव्हाच गार झालेला असतो.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी थोडेसेच आणि हळूहळू जेवत असेल, तर "एवढंच?" असे म्हणू नका. आग्रह करू नका. खरकटे हात वाळले तरी चालतील, पण त्यांच्याजवळ बसून राहा.