करंडकातलं हाड

"काका, दोन्ही हातांनी घ्या हं," म्हणत संघमित्राने पितळी करंडक अंबादासच्या हाती दिला.

मुलुंडच्या त्या कॉलेजात अंबादास सत्तावीस वर्षं लॅब सांभाळत होता. हाच करंडक त्याच्या वस्तीतल्या विहारात दर पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो साफ करायचा. लॅबमधला माणूस, हात हलका, म्हणून कमिटीने ते काम विश्वासाने त्याच्यावर टाकलं होतं. आत मसुराएवढा अस्थिधातू होता, एका थोर भंतेंच्या हाडाचा कण, असं सगळे मानत. आज ऋता मॅडम मुलांना धार्मिक अवशेषांच्या शास्त्रीय अभ्यासाची ओळख करून देणार होत्या, आणि त्यासाठी त्याच वर्गातल्या, वस्तीत राहणाऱ्या संघमित्राने मोठ्या हौसेने परवानगी काढून तो आणला होता. नको म्हणायला अंबादासला तोंड नव्हतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"हे कुणाचं, ते नंतर," मॅडम म्हणाल्या. "आधी विचारायचं, हे काय आहे? हाड, दगड की शिंपला? मग, किती जुनं? त्यासाठी कण काढावा लागतो, आणि ज्यांची श्रद्धा आहे त्यांना विचारल्याशिवाय तो काढायचा नाही. आज फक्त बघायचं."

सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा भिंतीवरच्या पडद्यावर मोठा होऊन आला.

"हाडच आहे यार!" प्रांजल ओरडला. "पण मॅडम, हे असं पिवळं चमकतंय का? आणि हा केस कसला चिकटलाय?"

केस ब्रशचा होता. दर मे महिन्यात कोपऱ्यातल्या सांगाड्याला वॉर्निशचा हात अंबादासच द्यायचा. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग सांगाड्याकडे, त्याच्या तुटक्या बरगडीकडे. त्याच्या खांद्यावर अंबादासची छत्री लटकली होती. त्यांनी पडदा बंद केला.

"बाकीचं उद्या."

मुलं गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "काका, ही आपल्या लॅबमधली बरगडी ना?"

अंबादासने सगळं सांगितलं. चार वर्षांपूर्वी करंडक धुताना तो कण मोरीच्या जाळीतून गेला. त्याने गटाराचा गाळ हाताने चाळला, पण काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी वैशाख पौर्णिमा होती. "सांगायची छाती झाली नाही मॅडम. म्हटलं, हाड ते हाड, आणि सांगाड्याच्या बरगडीचं टोक मोडून आत ठेवलं. लोक माथा टेकायचे आणि मी बाजूला उभा राहून साधू, साधू म्हणायचो."

"मी आपणहून सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "पण संघमित्राने उद्या विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

संध्याकाळच्या वंदनेनंतर अंबादास विहाराच्या दारात, चपलांपाशीच उभा राहिला आणि सगळं बोलला. संघमित्राने मान खाली घातली, ती वर केलीच नाही.

"लाज नाय वाटली तुला?" कमिटीचा सम्यक ओरडला.

"वाटली रे. रोज वाटली."

पुढे बसलेल्या सुलक्षणा आजीने मागे वळून विचारलं, "मंग चार वर्सं म्या कुणाच्या पाया पडत हुते रं?"

"कॉलेजातला सांगाडा आहे, आजी. बेवारस असेल कोणी."

"नाव काय त्याचं?"

अंबादासला ते माहीत नव्हतं. सत्तावीस वर्षांत त्याने कधी कुणाला विचारलंही नव्हतं. अस्थिधातू हरवल्याची लाज त्याला चार वर्षं पुरली होती. ही नवी लाज कुठे ठेवावी ते त्याला समजेना.

"मान्सावानी मानूस," आजी म्हणाली. "ज्याचं त्याला दे नेऊन."

सकाळी त्याने लॅब उघडली. करंडकातून काढून रुमालात बांधून आणलेला तुकडा तुटक्या बरगडीला लावून पाहिला, तो नेमका बसला. मग त्याने सांगाड्याच्या खांद्यावरची छत्री काढली आणि ती हातात धरून, साहेबासमोर उभं राहावं तसा, तो बराच वेळ उभा राहिला.