डावी बाही

टेलरच्या उजव्या अंगठ्यात मशीनची सुई घुसून आत मोडली, तेव्हा घरात रक्ताच्या आधी वाद वाहू लागला.

"सरकारी दवाखान्यात चल," त्याची ताई म्हणाली. "तिथे रोज शंभर हात दुरुस्त होतात."

"नंबर लागेपर्यंत सुईला गंज चढेल," भावोजी म्हणाले. "खासगीत चल. तिथे माशांची टाकी आहे."

"मासे ऑपरेशन करतात का?"

हा वाद दोघांच्या लग्नापासून चालू होता. आज त्याला आयता अंगठा मिळाला होता. टेलरच्या डोक्यात मात्र एकच होतं. अंगठा वाकला नाही तर कात्री धरता येणार नाही, आणि कात्रीशिवाय त्याला दुसरं काही म्हणजे काहीच येत नव्हतं.

स्कूटर भावोजींची होती, म्हणून खासगी जिंकलं. मागे बसलेल्या टेलरने फडक्यात गुंडाळलेला अंगठा वर धरला होता. रस्त्यात तीन ओळखीच्यांनी आणि एका पोलिसाने आनंदाने आपापला अंगठा वर करून त्याला दाद दिली.

मासे खरोखर होते. एक्स-रे पाच मिनिटांत निघाला. खासगी डॉक्टरांनी तो बराच वेळ उजेडाला धरून पाहिला.

"टोक सांध्यात अडकलंय. मी काढू शकतो, पण अंगठा पुन्हा वाकेल याची खात्री देणार नाही. सरकारीत हाताच्या सर्जन बाई आहेत, त्यांच्याकडे जा. मी फोन करतो."

"अहो, इथेच करा ना," भावोजी कळवळले. "सगळं तर आहे तुमच्याकडे."

"सगळं आहे. त्या नाहीत."

निघताना भावोजींनी माशांकडे पाहिलंसुद्धा नाही.

सरकारी दवाखान्याच्या फाटकात ताई केसपेपर काढून आधीच उभी होती. नंबर सत्तेचाळीस. भावोजी तोंड उघडणार, तेवढ्यात बाकावरच्या एका आजोबांनी आपला चौथा नंबर टेलरच्या हातात ठेवला. "माझी पाठ वीस वर्षं दुखतेय. तिला घाई नाही."

मग त्याला गाऊन मिळाला. मागे बांधायला एकही नाडी नव्हती. टेलरने भिंतीला पाठ घासत ऑपरेशन थिएटर गाठलं.

हात बधिर केला होता, जीभ नव्हती. सुईचं टोक निघालं, टाके सुरू झाले आणि त्याला राहवेना.

"बाई, टाका बारीक घ्या. चुण्या येतील."

मास्कच्या वरचे डोळे त्याच्याकडे वळले. "तुम्ही शिवलेल्या माझ्या कोटाची डावी बाही दोन बोटं लांब आहे. मी कधी काही बोलले?"

त्यानंतर टेलरने श्वाससुद्धा विचारून घेतला.

दहा दिवसांनी पट्टी सुटली. "वाकवा," सर्जन बाई म्हणाल्या. ताईने भावोजींचा हात धरला. असं बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं. अंगठ्याने थोडा विचार केला आणि मग हळूच वाकला, झोपेतून 'हो' म्हटल्यासारखा.

टेलरचे डोळे भरून आले. अंगठा डोळ्यांजवळ नेऊन तो म्हणाला, "टाके सरळ आहेत."

व्यायामाला रबरी चेंडू मिळाला. त्याने तो परत केला आणि वॉर्डातले गाऊन मागून घेतले. सहा आठवड्यांत एकशे बारा गाऊनना नाड्या लागल्या आणि वॉर्डातली माणसं भिंत सोडून चालू लागली. खासगी डॉक्टरांच्या टाकीला त्याने झालरीचं कव्हर शिवून दिलं. माशांचं मत कळलं नाही. चार नंबरच्या आजोबांना पाठीला ऊब म्हणून कापसाचं जाकीट गेलं.

"शेवटी माझ्याच दवाखान्याने वाचवलं," ताई म्हणते.

"पाठवलं कोणी?" भावोजी म्हणतात.

टेलर दोघांनाही हो म्हणतो.

कात्री मात्र त्याने राखून ठेवली होती; तोवरचं सगळं कापड ताईने कापून दिलं होतं. पहिला काप सर्जन बाईंच्या कोटाला. अंगठा वाकला, पाती मिटली, कापड सरळ कापलं गेलं.

बाईंनी कोट घालून दोन्ही हात पुढे केले. डावी बाही आता अर्धं बोट आखूड होती.

त्यांनी बाहीकडे पाहिलं. मग कात्री धरलेल्या त्या अंगठ्याकडे पाहिलं. आणि याही वेळी काही बोलल्या नाहीत.