रिमोटमागचं लढाऊ विमान

हो हो, मी लढाऊ विमानच बोलतोय! नीट बघा, टीव्हीच्या बाजूला, रिमोटच्या मागे. लांबी वीतभर, अंग प्लास्टिकचं, आणि आजवरचं सगळ्यात मोठं उड्डाण म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानं टेबलावरून फरशीवर. नाव मोठं लक्षण खोटं, ते माझ्यासारख्यांसाठीच.

जवाहरनगरच्या या क्वार्टरमध्ये मी डब्यातून सुटे तुकडे होऊन आलो. फॅक्टरीत कामाला असलेल्या प्रफुल्लनं मला चिकटवलं, रंगवलं. त्याचे बाबा, कृष्णराव, हवाईदलात मिग विमानांची देखभाल करायचे. आई गेल्यापासून ते बोलेनासे झाले होते. 'हो', 'नाही', 'जेवलो', बस. त्यांचं विमान हातात दिलं तर बोलतील, ही प्रफुल्लची आशा. एवढी मोठी मोहीम, अन् पाठवलं कोणाला, तर मला!

रंग सुकला तेव्हा मी नवरदेवासारखा चकाकत होतो. प्रफुल्लला तेच खटकलं. चंदेरी पेन्सिलीनं त्यानं माझ्या कडांवर रंगाचे पोपडे उडाल्याच्या खुणा केल्या, शेपटीकडे काळ्या खडूच्या भुकटीनं धुराची काजळी फासली, पोटाखाली तेलाचे ओघळ काढले. एकही लढाई न लढता मी जुना लढवय्या झालो. लाज वाटायची सोडून माझी छातीच फुगली.

"नवंकोरं होतं, काहून मळवून राहिले जी?" त्याची बायको रुचिता म्हणाली.

"असंच खरं वाटते. बाबा पाहतीन तं ओळखतीन."

बाबांच्या वाढदिवशी मला त्यांच्या हातात दिलं. त्यांनी मला उलटंपालटं केलं अन् कपाळाला आठ्या घातल्या.

"कोण्या गाढवानं इतकं घाण ठेवलं याले?"

रुमाल काढला, पाण्याच्या ग्लासात बुचकळला आणि मला खसाखसा चोळायला लागले. प्रफुल्लची सगळी मेहनत रुमालात उतरली. त्याचा चेहरा एवढासा झाला. मी मनात म्हटलं, झालं, विमान पडलं!

तोच बाबा म्हणाले, "इथूनच तेल गळत राहे. रोज सकाळी मीच पुसत होतो. तुही माय म्हणे, घरच्या भांड्यायले कधी इतकं पुसलं काय?"

अन् ते हसले. हसता हसता रडले. प्रफुल्ल त्यांच्या पायाशी फरशीवर बसून ऐकत राहिला. रुचितानं वाढलेली ताटं तशीच गार झाली.

तेव्हापासून दर शनिवारी प्रफुल्ल बाबांची नजर चुकवून मला थोडी काजळी फासतो. रविवारी सकाळी बाबा चिडतात, रुमाल काढतात, अन् पुसता पुसता बोलू लागतात. कधी हवाईतळाचं, कधी आईचं. घासून घासून माझा रंग खरोखरच उडत चाललाय, खालचं पांढरं प्लास्टिक दिसतंय. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अंगावर काहीतरी खरं आहे.

रुचितावहिनी, एकच विनंती. दिवाळीची साफसफाई करताना मला तेवढं वगळा. मळकाच राहू द्या. उद्या रविवार आहे.