आर्डिसच्या नावाचा शिक्का

आर्डिस लिंडक्विस्ट गेली डिसेंबरात, नदी गोठली त्या आठवड्यात. तिनं हातानं केलेली कार्डं मात्र पुढे उन्हाळा उलटून गेला तरी दर सोमवारी तिच्या नवऱ्याच्या हातात पडत होती. त्यात भुताखेताचं काही नव्हतं. आजारपणात पाठीशी उशा घेऊन तिनं ती एकामागून एक करून ठेवली होती, पाकिटांत घालून पाकिटं चिकटवली होती, आणि बुटांचं एक खोकं भरून आपल्या मैत्रिणीच्या, लवॉनच्या मांडीवर ठेवलं होतं.

"दर सोमवारी एक," आर्डिस म्हणाली होती. "आणि उघडून बघायचं नाही हं. नवरा-बायकोचं आहे."

"मला काय पडलीय तुझं वाकडंतिकडं काम बघायची!" लवॉन म्हणाली. दोघी हसल्या, आणि मग आर्डिसला खोकल्याची उबळ आली.

नवरा, वेल्डन, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात होता. सगळी हयात गावातल्या कागदाच्या गिरणीत काढलेला धिप्पाड माणूस, पण आता डोक्यात काही टिकत नव्हतं. बायको गेल्याचं त्याला दोनदा सांगून झालं होतं. दोन्ही वेळा तो छाती फुटेल असा रडला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 'आर्डिसचा पाय कसा आहे?' म्हणून विचारू लागला. शेवटी त्यांच्या मुलीनं, जोलीननं, सगळ्यांना ताकीद दिली की आता कुणी सांगायचं नाही. आई घरी आहे, पाय दुखतोय, म्हणून येत नाही, एवढंच.

लवॉनला हे जड गेलं. ही बाई पाद्रीबुवांना चर्चच्या दारात 'आज प्रवचन लांबलं' म्हणून तोंडावर सांगणारी. खोटं बोलायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. पण तिनं मनाची समजूत घातली होती. कार्ड आर्डिसचं, आतले शब्द आर्डिसचे, आपण नुसता पोस्टमन. वेल्डननं काही विचारलंच तर ती म्हणायची, "वाच ना, तिनंच लिहिलंय." तो वाचायचा, मिशीत हसायचा, कार्ड शर्टाच्या खिशात घालायचा. आत काय लिहिलंय ते त्यानं कधी दाखवलं नाही आणि हिनं कधी विचारलं नाही.

पानं गळायला लागली तेव्हा खोकं रिकामं झालं.

"मग तुम्हीच करा ना," जोलीन फोनवर म्हणाली. ती दूर मिनियापोलिसला राहायची. "आईचं सगळं सामान तुमच्याकडेच आहे. शिक्के, डाय, मशिन, सगळं."

"आणि मागे तिच्या नावाचा शिक्का मारू?"

"त्यात काय एवढं?"

"त्यात काय एवढं! पोरी, तुझ्या आईनं ऐकलं असतं ना…"

जोलीनला काय कळणार. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी कार्डं करायला जमणाऱ्या ह्या बायकांचा एकच कायदा होता. प्रत्येकीचा आपल्या नावाचा छोटा रबरी शिक्का, तो आपण केलेल्या कार्डाच्या पाठीवर मारायचा, आणि दुसरीनं केलेल्या कार्डावर मेलं तरी नाही. डाय उसने द्यावेत, शाई द्यावी, नवरा आजारी असला तर घरी जेवणाला भट्टीतली गरम हॉटडिश पोचवावी, पण शिक्का नाही. एकदा एका बाईनं दुसरीच्या कार्डामागे आपलं नाव उठवलं, तर पुढे तिला तळघरात कुणी कॉफीसुद्धा विचारली नाही. ह्या लोकांचा राग असाच असतो, त्याचा आवाज म्हणून येत नाही.

आठवडाभर त्या विचारानं लवॉनला पोखरलं. पण सोमवारी रिकाम्या हातानं गेलं तर वेल्डन विचारणार, आणि एकतर त्याला तिसऱ्यांदा रडवायचं किंवा तोंडानं धडधडीत खोटं बोलायचं. त्यापेक्षा कागदानं बोललेलं खोटं तिला जरा हलकं वाटलं. तिनं कार्ड केलं. आपल्या मशिनवर, आपल्या पद्धतीनं. पोलादी डाय, म्हणजे चित्र कापायचा साचा, जाड कागदावर ठेवायचा, वरखाली प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाट्या ठेवायच्या, आणि मशिनची मूठ फिरवून सगळं रुळांतून काढायचं. त्या पाट्यांवर डायचे चरे पडतात, आणि चरे वाढले की पुढच्या कोऱ्या कागदावर नको ते वळ उठतात. म्हणून लवॉन दर खेपेला पाटी पालटायची आणि जुनी झाली की फेकून द्यायची. मेपलचं पान असं कापलं गेलं की दुकानातल्या कार्डानं लाजावं. आत काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतं 'आर्डिस' लिहिलं आणि मागे मैत्रिणीचा शिक्का मारला. तेवढं करताना तिनं मान दुसरीकडे वळवली होती.

सोमवारी वेल्डननं पाकीट फोडलं. कार्डाकडे त्यानं फारसं पाहिलंच नाही. अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, कडेपर्यंत. मग चेहरा बदलला.

"हे तिचं नाही."

"मागे नाव बघ ना."

"नावाला काय चाटायचंय? कागद गप्प आहे." तो खुर्चीतून उठायला लागला. "काय झालंय तिला? माझा कोट कुठाय? अगं, कोट दे माझा! लवॉन, तू सांग. हे सगळे मला गुंडाळतात. तू नाही खोटं बोलत."

 खरं सांगायला लवॉनचं तोंड उघडलं होतं, अगदी शब्द ओठांवर होते, आणि तेवढ्यात वेल्डनचा पाय घसरला. आश्रमातली मदतनीस टॅमी धावली, म्हणून तो पडता पडता वाचला. दोघींनी मिळून त्याला बसवलं.

"पुढच्या सोमवारी तिचंच आणते," लवॉन म्हणाली. "अगदी तिचंच."

घरी आल्यावर तिला उमगलं. आर्डिसनं जन्मात कधी पाटी पालटली नव्हती. तळघरात सगळ्या बोलायच्या, "अगं, ती पाटी आहे की बर्फावर स्केट करून गेलंय कुणी?" पण आर्डिस म्हणायची, चालतंय की. म्हणून तिच्या प्रत्येक कार्डावर, मुख्य चित्राच्या आजूबाजूला, आधीच्या सगळ्या कार्डांचे वळ असायचे. डोळ्यांना दिसायचे नाहीत. गिरणीत कागद हातानं पारखणाऱ्या माणसाच्या अंगठ्याला मात्र कळायचे.

रविवारी दुपारी लवॉननं आर्डिसचं मशिन पहिल्यांदा जेवणाच्या टेबलावर घेतलं. पाट्या वाकून केळीसारख्या झाल्या होत्या, चऱ्यांनी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांच्यामध्ये तिनं पानाचा डाय आणि कागद ठेवला, मूठ फिरवली. मशिन करकरलं. कागद खिडकीशी तिरका धरला तर त्यावर पान होतं, आणि पानाभोवती, कुणी आतून ढकलावेत तसे, पक्षी वर येत होते. पाळणा होता, तो जोलीनच्या वेळचा. एकावर एक चढलेली घरं, मेणबत्त्या, मासे. आणि अगदी कोपऱ्यात एक लहानशी घंटा. ती लवॉनच्या नवऱ्याच्या दफनाच्या वेळी आर्डिसनं करून आणलेल्या कार्डावरची होती.  लवॉननं कागद पालथा घातला आणि घरातले दिवे लावले, भर दुपारी.

मग शिक्का. आर्डिसच्या नावाचा शिक्का तिनं तपासायला म्हणून रद्दी कागदावर दाबला. शाई लावली नव्हती. तरी नाव उठलं, जांभळं, ओलसर. आधीच्या खेपेला आपण पुसला नसेल, असं ती मोठ्यानं म्हणाली. पण पुसला होता. शिक्के पुसणं म्हणजे लवॉनला दात घासण्यासारखं होतं, आणि तिच्या स्वतःच्या घरात जांभळी शाई नव्हतीच, आर्डिसच्या सामानातली डबी कधीच सुकून गेली होती. जांभळी शाई आर्डिसची.

राहिलं आतलं लिहिणं. पेन हातात घेऊन ती बसली. काय लिहावं ह्याचा विचार करत असतानाच हातानं लिहून टाकलं, अक्षर आर्डिसचं असायचं तसं डावीकडे झुकलेलं: 'माझ्या टोणग्या, खिडकीशी बसून मान आखडून घेऊ नकोस.'

लवॉननं ते वाचलं आणि पेन खाली ठेवलं. लग्नाच्या नवऱ्यालाही तिनं कधी असं काही म्हटलं नव्हतं. कार्ड फाडावं असं मनात आलं, पण हात धजेना. वेल्डन वाट पाहत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं.

सोमवारी त्यानं अंगठा फिरवला. हळूहळू, आंधळा माणूस कुणाचा चेहरा चाचपतो तसा. "पाळणा," तो पुटपुटला. "हा मासा बघ." मग कार्ड उघडलं, आणि इतका मोठ्यानं हसला की टॅमी दारातून डोकावली. "टोणग्या म्हणते मला! लग्न झाल्यापासून म्हणते. लोकांसमोर नाही हो, फक्त आमच्यात."

हा शब्द लवॉननं आर्डिसच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पण तो किती सुखात होता! त्याचं ते हसू बघून तिच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि भीती आणि आनंद ह्यांतलं कुठलं जास्त हे तिला सांगता आलं नसतं.

मग ते नेमानं होऊ लागलं. रविवारी कार्ड, सोमवारी वेल्डन. गुरुवारी तळघरात जाणं एकदा चुकलं, मग चुकतच गेलं. आर्डिसच्या मशिनला जागा हवी म्हणून तिचं स्वतःचं मशिन कपाटावर गेलं. कॉफीत साखर न घालणारी ही बाई तीन-तीन चमचे घालू लागली, कारण आर्डिस घालायची, आणि एक दिवस कोटाची बटणं लावताना आपण आर्डिससारखं गुणगुणतो आहोत असं तिच्या लक्षात आलं.

तळघरातल्या बेव्हर्लीनं किराणा दुकानात गाठलं. "काय गं, आम्ही काय घोडं मारलं तुझं? माझ्या वाढदिवसाला ह्या खेपेला तुझं कार्ड नाही! तुझं एक कार्ड फ्रेम करून लावलंय मी भिंतीवर, काटकोन तपासायला कामी येतं म्हणून!"

"येईल गं," लवॉन खजील होऊन म्हणाली.

त्याच दुपारी ती बेव्हर्लीचं कार्ड करायला बसली. स्वतःचं मशिन खाली काढलं, नवी पाटी घेतली. पान वाकडं कापलं गेलं. दुसरं कापलं, तेही वाकडं. चिकटवताना कोपरा निसटला. नेटानं पुरं केलं, पाठीवर शिक्का मारला, आणि बघते तर आर्डिस. स्वतःचा शिक्का डबीत तसाच पडला होता, कोरडा. तिनं स्वतःच्या शिक्क्याला शाई लावून तो रद्दीवर दाबला. दाबला, पुन्हा दाबला, सगळं वजन टाकून. कागदावर नुसता डाग उठत होता. रबर सुकून तडकलं होतं.

आता पुरे, असं तिनं त्या दिवशी ठरवलं. भीतीनं ठरवलं, राग येऊन ठरवलं, पण ठरवलं. सोमवारी जायचं, वेल्डनचा हात हातात घ्यायचा आणि सांगायचं: आर्डिस गेली, ही कार्डं मी केली, मी लवॉन. रडला तर जवळ बसायचं. जोलीन ओरडली तर ओरडू दे. कार्डसुद्धा नेलं नाही तिनं.

वेल्डन खिडकीशी होता. बाहेर बर्फाचा भुगा उडत होता. तिची चाहूल लागताच त्यानं मान वळवली आणि त्याचा सगळा चेहरा उजळला. असा तो तिच्यासाठी कधी उजळला नव्हता.

"आलीस!" तो म्हणाला. "बघू, पाय बरा झाला वाटतं. अगं बस, बस. किती दिवस नुसती कार्डं पाठवतेस."

"वेल्डन, मी…"

"हात किती गार झालेत तुझे." त्यानं तिचे दोन्ही हात आपल्या मोठ्या पंजांत घेतले आणि अंगठा तिच्या बोटांवरून फिरवला. मग त्याला काहीतरी आठवलं. कपाळावर आठी पडली. "आर्डिस, ती तुझी मैत्रीण गं. सोमवारी यायची. सगळं फूटपट्टी लावून करणारी."

"लवॉन."

"हां, लवॉन. बऱ्याच दिवसांत आली नाही. चांगली बाई. तोंडाची फटकळ, पण खोटं नाही बोलायची कधी." तो पुढे वाकला. त्याचा आवाज उतरला. "गेली का गं ती? माझ्यापासून लपवू नका हं. सगळे लपवतात."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. खरं सांगायला ती घरातून निघाली होती. सगळी वाक्यं तिनं गाडीत म्हणून पाहिली होती. त्यातलं एकही आता सापडेना, आणि जीभ टाळ्याला चिकटली नाही.

"हो," ती म्हणाली. "गेली."

"कधी?"

"ह्याच हिवाळ्यात."

"अरेरे." वेल्डनचे डोळे भरून आले. तो मोठ्यानं रडला नाही, नुसतं पाणी गालांवरून मिशीत जात राहिलं. "तिच्या मागे कुणी आहे?"

"नाही. कुणी नाही."

"मग आपणच तिची आठवण ठेवायची," तो म्हणाला, आणि तिनं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्यानं टॅमीला सांगितलं, लवॉन गेली बिचारी. पुढच्या सोमवारी आणि त्याच्या पुढच्याही सोमवारी तो तेच सांगत होता. दुपारचं जेवण झालं की नाही, हे त्याला आठवत नसे. आपल्या मुलीचं नाव त्याला विचारावं लागे. लवॉन वारली, हे मात्र तो कधी विसरला नाही.