उजेडात आणलेला कोष

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल फोन आहे. सध्या शिवणाच्या टेबलाच्या खणात, बटणांच्या डबीशेजारी पडून असतो. कारखान्यात माझ्यासारखे हजारो एकाच दिवशी तयार झाले. त्यातला मी आलो एका शिवणकाम करणाऱ्या बाईकडे. तिला सगळे मावशी म्हणत.

मावशी दिवसभर मशीनवर मान मोडून काम करी आणि दुपारी परसात जाई. तिने एक जुने बारीक भिंग चिकटपट्टीने माझ्या कॅमेऱ्यावर बसवले, आणि मला भलतेच दिसू लागले. लिंबाच्या पानावर जी पक्ष्याची घाण वाटत होती, तो चक्क सुरवंट निघाला! पुढे तो हिरवागार झाला. फार जवळ गेलो की डोक्यामागून नारिंगी शिंगे बाहेर काढी. मावशीची भाची मोठ्याने हसे. तिचे प्रश्न संपतच नसत, म्हणून घरात तिला भुंगी म्हणत.

वाचनालयात फोटोंचे प्रदर्शन भरायचे ठरले, तेव्हा सुरवंटाचा कोष झाला होता. पण तो दाट पानांत, अंधारात. माझे सगळे फोटो काळपट येत. मावशीने कात्री आणली.

"मावशी, राहू दे ना त्याला तिथेच," भुंगी म्हणाली.

"अगं, त्याला काय होतंय? नुसतं उजेडात आणतेय."

फांदी कापून ओढताना कोषाला धरून ठेवणारा रेशमाचा धागा तुटला. मावशीने कोष अलगद टेबलावर ठेवला. दोन दिवसांनी सकाळी फुलपाखरू बाहेर आले. लटकून पंख पसरायला त्याला आधार हवा होता, आणि टेबल तर गुळगुळीत. ते धडपडे, घसरे, पुन्हा पडे. मावशीने काडी पुढे केली, पण फार उशीर झाला होता. एक पंख चुरगळलेलाच सुकला.

तिने मला उचलले. पहिल्या फोटोत चुरगळलेला पंख आला, म्हणून तिने चांगल्या पंखाच्या बाजूने दुसरा काढला. मी तो काढला, मित्रांनो. मला नाही म्हणता येत नाही.

प्रदर्शनात त्या फोटोपुढे गर्दी झाली. ग्रंथपालांनी विचारले, "मग उडालं का हो?"

"उडालं की," मावशी म्हणाली.

भुंगी शेजारीच होती. घरी खोक्यात ते फुलपाखरू साखरपाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यावर बसून होते. चार दिवसांनी ते गेले. भुंगी परसात यायची बंद झाली. मावशीने हाक मारली, तर "अभ्यास आहे" एवढेच.

शेवटी मावशी मला घेऊन वाचनालयात गेली आणि चुरगळलेल्या पंखाचा फोटो ग्रंथपालांसमोर धरला. "मी खोटं बोलले. ते उडालंच नाही. माझ्याच हातून झालं."

"फोटो उतरवू का?"

"नको. हाही शेजारी लावा. आणि खाली खरं काय ते लिहा."

दुसऱ्या दिवशी भुंगी तिथे गेली. दोन्ही फोटोंपुढे बराच वेळ उभी राहिली, असे मावशी माझ्यावरूनच कुणाला तरी सांगत होती.

भुंगी परत परसात आली, पण पहिल्यासारखी हसली नाही. आता माझी बॅटरी टिकत नाही. तरी एक मागणे आहे. फोटो काळपट आला तर येऊ द्या. पान वाकवू नका, फांदी तोडू नका. कुणी पंख सुकवत असेल, तर दोन पावले मागे उभे राहा.